फितुराच्या हातचा घास

“बोला, आज कुणाचं वाटोळं करायचंय?”

रंगपटात शिरताना तो हे वाक्य म्हणायचा, आणि ‘वाटोळं’ या शब्दाशी पोचेपर्यंत त्याला जांभई आलेली असायची. खांद्यावरची डब्याची पिशवी खिळ्याला अडकवायची, चपला कपड्यांच्या पेटाऱ्याखाली सरकवायच्या आणि त्याच पेटाऱ्यावर आडवं व्हायचं. डोळ्यांवर हात. बाकीचे आम्ही एका आरशासाठी भांडत असायचो. त्याला आरसा लागायचा नाही. शेवटी उठून, माझ्याच समोर बसून तो म्हणायचा, “मिशी सरळ आली का बघ.” मी सांगितलं की झालं त्याचं तोंड रंगवून.

आमच्या दशावतारी मंडळाचा तो प्रधान. राजाच्या पंक्तीला जेवून राजालाच बुडवणारा, गडाचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा फितूर प्रधान. आणि मी राजा.

तुमच्यापैकी कुणी कळव्यात, विठ्ठलवाडीला किंवा वर्तकनगरच्या एखाद्या वसाहतीत सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त आमचा खेळ पाहिला असेल, तर हे मंडळ तुम्हाला ठाऊक असणार. सगळे मूळचे कोकणातले, आता इकडचेच झालेले. माझं कळव्याला चष्म्याचं दुकान. आमची राणी दिवसा रिक्षा चालवते. शत्रूचा सरदार वायरमन आहे. पेटी वाजवणारे नाना हे मंडळाचे मालक, शाळेतून निवृत्त झालेले. आणि आमचा प्रधान डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. त्याची नखं कधी निळी असायची, कधी तांबडी. पहिली पाळी करून, तिथूनच तो खेळाला यायचा. “दमलोय म्हणून सांगायलासुद्धा दम लागतो रे,” हे त्याचं दुसरं वाक्य.

आमच्या खेळाला लिहिलेली संहिता नसते. नाना गोष्ट सांगतात, कोण कुणानंतर येणार ते सांगतात, आणि मग ज्याने त्याने आपल्या डोक्याने बोलायचं. गावाला हे खेळ पहाटेपर्यंत चालायचे. इथे दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून आम्ही संध्याकाळीच उभे राहतो आणि गोष्ट आखूड करतो. पण गडाचं आख्यान कितीही आखूड केलं तरी त्यातली तीन ठिकाणं सुटत नाहीत. धवलसेन राजा भर सभेत प्रधानाला हसतो. अपमानाने पेटलेला प्रधान शत्रूला जाऊन मिळतो आणि गडाचा दरवाजा उघडतो. आणि गड पडल्यावर राणी कड्यावरून उडी घेते. ही गोष्ट कुठल्या मुलखात घडली, मुळात घडली की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण पडलेल्या प्रत्येक गडासाठी लोक असा एक माणूस शोधून काढतातच.

आमचा दरवाजा म्हणजे दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली वेळूची काठी. ती त्याने उचलली की दरवाजा उघडला.

आता फितूर म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं, तुम्हाला माहीत आहे. भुवया उडवणारा, मिशी पिळणारा, ‘हा हा हा’ करून मंडप दणाणून सोडणारा. याचं तसं काही नव्हतं. हा कधीच हसायचा नाही. सभेत मी त्याला हसलो की तो खाली बघायचा, अंगरख्याची एक सुरकुती हाताने सारखी करायचा आणि मागे पाय टाकत निघून जायचा. मग दरवाजापाशी यायचा तो असा, की माणूस कामावरून घरी आलाय आणि खिशात कुलपाची किल्ली शोधतोय. शांतपणे काठी उचलायचा, बाजूला ठेवायचा. “या,” एवढंच म्हणायचा. त्या एका ‘या’ला बायका कडाकडा बोटं मोडायच्या.

मी त्याला एकदा विचारलेलं, “अरे, जरा त्वेषाने कर ना. एवढा अपमान झालाय तुझा.”

“त्वेष पहिल्या दिवशी असतो,” तो म्हणाला. “नंतर माणूस नुसता थकतो. माझा प्रधान थकून दरवाजा उघडतो.” मग म्हणाला, “आणि तू मला हसतोस ते नीट हस. तुझा राजा फार सभ्य आहे. तेवढ्यासाठी कुणी फितूर होत नाही.”

त्याच्या या कामाचा लोकांवर परिणाम व्हायचा. खेळ संपल्यावर पूजेचं जेवण असतं. वर्तकनगरला एकदा वाढणाऱ्या एका आजींनी मला दोनदा शिरा वाढला, राणीला आग्रह केला, सरदारालाही दिला, आणि याच्या पानाशी आल्यावर डाव तसाच पुढे नेला. आम्ही फिस्सकन हसलो. त्याने माझ्या पानातला अर्धा शिरा उचलला आणि म्हणाला, “राजाच्या ताटातलं खायची सवयच आहे.”

तोपर्यंत हे सगळं गमतीतच होतं.

त्याची बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तो एकटा. गावाला त्याची आई थोरल्या भावाकडे होती. तो भाऊ अचानक गेला आणि भावजय आपल्या मुलांकडे निघून गेली. मग हा जाऊन आईला इकडे घेऊन आला. म्हातारीला विसर पडायला लागला होता. खोलीतल्या खोलीत वाट चुकायची. डोंबिवलीच्या घराला ‘ह्या कोणाचा घर?’ म्हणून विचारायची. पण त्याला ओळखायची. तो कंपनीतून आला की ‘इलंस झिला?’, म्हणजे आलास का रे मुला, म्हणायची, आणि तेवढ्यावर तो दुसऱ्या दिवशीची पाळी करायचा.

दिवसा शेजारच्या काकू लक्ष ठेवायच्या. खेळाच्या दिवशी पंचाईत. काकू गावी गेलेल्या असताना कळव्याच्या मैदानात आमचा खेळ होता, म्हणून तो आईला घेऊन आला. आम्ही सगळे तिच्या पाया पडलो. बारीक चणीची, नऊवारीतली, केस पांढरेशुभ्र. नानांच्या बायकोने तिला पुढच्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली. म्हातारी हरखून गेली. गावाला जत्रेचा एक खेळ तिने कधी चुकवला नव्हता. पेटीचा सूर लागला तशी मान डोलवायला लागली.

पेटाऱ्यावर आडवं व्हायचं सोडून तो त्या दिवशी पडद्याच्या फटीतून तिच्याकडे बघत होता. “किती दिवसांनी हसतेय बघ,” मला म्हणाला.

त्या दिवशी त्याने काम फारच चांगलं केलं. आईसमोर करतोय म्हणून असेल. काठी उचलून ‘या’ म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनीसुद्धा बोटं मोडली. नानांच्या बायकोने नंतर सांगितलं, म्हातारी खुर्चीतून पुढे वाकली होती आणि पुटपुटत होती, ‘मेल्या, ह्या काय केलंस? ह्या काय केलंस?’

खेळ संपला. तो तोंड पुसून, साधा शर्ट घालून तिच्यापाशी गेला. हात धरायला लागला, तर तिने हात मागे घेतला.

त्याला वाटलं, दमली असेल.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात आला. चष्म्याचं काही काम नव्हतं. काउंटरपाशी स्टुलावर बसला.

“आई जेवत नाही,” म्हणाला.

“म्हणजे?”

“माझ्या हातचं खात नाही. ताट पुढे केलं की तोंड फिरवते. म्हणते, ‘तू दरवाजो उघडलंस. तुझ्या हातचा नको माका.’”

मला हसू आलं. म्हणजे येणारच होतं. पण त्याचा चेहरा बघून ते तिथेच थांबलं.

“मी सांगितलं, आये, तो खेळ होतो गो. मी तुझो झील. तर म्हणते, ‘माझो झील असो नाय. माझ्या झिलान कोणाचा वायट केल्यान नाय.’” त्याने निळ्या नखांनी कपाळ खाजवलं. “आता यावर काय बोलणार तू? बरोबरच बोलतेय ना ती.”

त्याने सगळं करून बघितलं. स्वतःची मिशी भादरून टाकली. रंगाचा डबा घरी नेला आणि तिच्यासमोर बसून तोंडाला रंग लावला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. त्याने उलटंच झालं. तिच्या मनात जी थोडी शंका होती तीही गेली. शेजारच्या काकूंच्या हातून जेवण पाठवलं. ते दोन-चार दिवस चाललं. मग काकू वाटी त्याच्याच स्वयंपाकघरातून भरून आणतात, ते तिने पाहिलं. तेही बंद झालं. ‘ह्या घर फितुराचा’ म्हणाली. मुलगी नाशिकहून येऊन राहिली. नातीच्या हातून म्हातारी चार घास खायची, पण मुलीला तिची नोकरी, तिचं लहान मूल. ती किती दिवस राहणार? ती गेली आणि पुन्हा तेच.

पाणी तेवढं प्यायची. तेही नळाचं, स्वतःच्या हाताने घेतलेलं.

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, काही दिवसांनी विसरतील. पण बाकी सगळं विसरणारी बाई हे विसरेना. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं सुचवलं. तो म्हणाला, “हात बांधून ठेवावे लागतात म्हणे, नाहीतर ओढून काढतात. आईचे हात कसे बांधू?”

तो कंपनीत जायचा, यायचा, दोघांसाठी भात लावायचा. तिचं ताट तसंच राहायचं. मग त्यालाही घास उतरायचा नाही. गालफडं बसायला लागली होती त्याची. खेळाला मात्र यायचा. पेटाऱ्यावर पडायचा. ‘कुणाचं वाटोळं’ वगैरे म्हणणं बंद झालं होतं.

एका रविवारी तालमीच्या जागी आम्ही सगळे जमलो असताना तो नानांना म्हणाला, “नाना, एक मागायचंय. एकदाच. एका खेळात मी दरवाजा उघडत नाही.”

नानांनी पेटीवरचा हात काढला. “मग गड पडणार कसा?”

“नाही पडणार.”

“आणि राणीची उडी?” हे आमच्या राणीने विचारलं. तिची, म्हणजे त्याची, काळजी खरी होती. ती उडी बघायला माणसं येतात. बाकड्यावरून गादीवर मारायची असते, पण मारतो तो अशी, की बायका पदर तोंडाला लावतात.

“एकदा नाही मारलीस तर काय होईल?”

“वा! तुझ्या घरच्या भानगडीत मी जिवंत राहू?”

नाना मास्तर माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, तुझं दुःख मला कळतं. पण विठ्ठलवाडीच्या लोकांनी गडाचंच आख्यान पाहिजे म्हणून मागून घेतलंय. आणि गोष्ट अशी बदलता येत नाही. आपण बोलायचं आपल्या मनाचं. घडायचं ते घडलंच पाहिजे. प्रधान फितूर झाला नाही तर तो प्रधान कशाला राहील?”

“बरं,” तो म्हणाला. वाद घालायची त्याच्यात ताकद नव्हती. डब्याची पिशवी उचलली आणि गेला.

मला वाटलं, विषय संपला.

विठ्ठलवाडीच्या खेळाला तो आईला घेऊन आला, तेव्हा नानांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. खरंच मला काही माहीत नव्हतं. म्हातारी आता अगदी चिमणीएवढी झालेली. नानांच्या बायकोने तिला आपल्या शेजारी घेतलं, आणलेला केळ्याचा तुकडा तिच्या तोंडात घातला. तो लांब उभा राहून ते बघत होता. तिने दोनदा चावून तुकडा गिळला, तेव्हा तो रंगपटात आला.

खेळ नेहमीसारखा सुरू झाला. मी सभेत त्याला हसलो. नीट हसलो. त्याने खाली बघून अंगरख्याची सुरकुती सारखी केली आणि मागे पाय टाकत गेला. मग दरवाजाचा प्रवेश. पलीकडे आमचा वायरमन सरदार तलवार घेऊन तयार. नानांनी पेटीवर ते हलकं हलकं सुरू केलं, जे दरवाजा उघडायच्या आधी वाजवतात. मी पडद्यामागून बघत होतो.

तो आला. काठीवर हात ठेवला. आणि थांबला.

नानांनी तो तुकडा एकदा वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला. त्याचा हात काठीवर तसाच. सरदार कुजबुजला, “उचल ना!” मंडपात चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून एक चिरका आवाज आला.

“उघडू नको रे!”

म्हातारी उभी राहिली होती. शाल खाली पडलेली. एक हात पुढे.

“उघडू नको! आत पोरांबाळां निजली हत!”

लोक हसले. कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली. तो मात्र हसण्यातलं काही ऐकत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, सरळ, नाटकातल्या माणसाने प्रेक्षकांकडे बघायचं नसतं तसं. मग त्याने हात उचलला. काठी तिथेच राहिली.

“सरदार,” तो म्हणाला, “परत जा. दरवाजा उघडत नाही.”

वायरमन बिचारा भांबावला. पण आमचा खेळ हा असा, की समोरचा बोलला की बोलावंच लागतं. “प्रधानजी, आपलं ठरलं होतं!”

“ठरलं होतं. आता मोडलं.”

“राजा तुम्हाला भर सभेत हसला! विसरलात?”

“नाही विसरलो. हसला. मला लागलंय ते.” त्याचा आवाज आता प्रधानाचा की त्याचा, मला सांगता येत नव्हतं. “पण आत जी माणसं झोपली आहेत ती मला हसलेली नाहीत. आणि मी थकलोय सरदार. तोच राजा, तोच गड, किती वेळा बुडवायचा? आज मला घरी जाऊन जेवायचंय.”

सरदाराला काय करावं कळेना, म्हणून तो “ठीक आहे, बघून घेईन!” असं म्हणून तलवारीसकट निघून गेला. आता रंगमंचावर हा एकटा, काठीला पाठ लावून उभा. नानांनी माझ्याकडे मान वळवली आणि डोळ्यांनीच विचारलं: आता?

मला जायलाच पाहिजे होतं. मी गेलो. काय बोलायचं ते डोक्यात नव्हतं. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडातून आलं ते आलं. “प्रधानजी, सभेत मी हसायला नको होतं. आमचं चुकलं.” आणि डोक्यावरचा मुकुट सावरत मी वाकून नमस्कार केला. एवढ्या वर्षांत त्या राजाने हे कधी केलं नव्हतं.

तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बस. लांबवू नको. मला रडू येईल.”

पडद्यामागे आमची राणी शालू नेसून उभी होती. “मी उडी मारू की नको? कुणीतरी सांगा!” एवढ्या मोठ्याने, की पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. नानांनी शेवटची आरती सुरू करून टाकली.

पूजा ठेवणाऱ्या वसाहतीचे सेक्रेटरी वैतागले. “आम्ही पाहुण्यांना सांगितलेलं राणी उडी मारते म्हणून. हे काय, गड पडलाच नाही! असं कुठे असतं का?” नाना त्यांना समजावत राहिले. काही समजावायचं होतं असं नाही. एक म्हातारे गृहस्थ मात्र मला येऊन म्हणाले, “बरं वाटलं हो. एकदा तरी पडला नाही.” तेवढंच बोलून गेले.

आणि म्हातारी? तिने आपण होऊन त्याला हाक मारली. तो अजून अंगरख्यातच होता. तिने शेजारची खुर्ची थोपटली.

“बसा प्रधानानु,” म्हणाली. “राजाक राखलास तुमी. जेवलास काय?”

तो खाली बसला. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर, तिच्या पायाशी. पूजेच्या जेवणातलं ताट कुणीतरी आणून दिलं. त्याने भात कालवला, घास केला, तिच्या तोंडापाशी नेला. तिने खाल्ला. दुसरा खाल्ला. “वाढा,” म्हणाली, “तुमच्या हातचा चलात.” त्याच्या नाकाशेजारून रंगाचा ओघळ खाली चालला होता. आम्ही सगळे पेटारे भरण्याच्या निमित्ताने तिथून दूर झालो.

गोष्ट इथे संपवता आली असती तर बरं झालं असतं.

म्हातारी जेवायला लागली. अंगावर थोडं मांस आलं. पण ती त्याला प्रधानच समजत राहिली. इमानी प्रधान, राजाला राखणारा, भला माणूस. मुलगा नव्हे. ‘इलंस झिला’ पुन्हा कधी आलं नाही. तो दारातून आत शिरला की ती पदर सावरून बसायची आणि ‘या प्रधानानु’ म्हणायची.

“घरात शिरताना जरा मान झुकवावी लागते,” तो मला सांगायचा. “नाहीतर कोण म्हणून बघत राहते. तेवढं केलं की सगळं ठीक. जेवते, झोपते.”

“आणि तू?”

“मी काय. पाळी संपवून येतो आणि पुन्हा प्रधान होतो. आता तर मिशीपण नाही.”

ती त्याच्याशी मुलाबद्दल बोलायची. माझो झील मुंबैक असता, कामात असता, येवक गावत नाय. त्याला नोकरीला पाठवायचं तिच्या मनात नव्हतं, पण घरच्या थोरल्यांपुढे बोलता आलं नाही. एसटी सुटल्यावर ती घरी गेली नव्हती, आंब्याखाली बसून राहिली होती, गाडी परत वळून येईल म्हणून. “हे मला कधीच माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “मला तर वाटायचं, हिला मी गेल्याचं काहीच वाटलं नाही. एका शब्दाने बोलली नव्हती. प्रधानाला सगळं सांगते.”

मंडळात येणं त्याने थांबवलं. नाना दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. “ते काम आता नको, नाना. घरी तेच चाललंय,” एवढंच म्हणाला. आम्ही दुसरा प्रधान घेतला. बँकेत आहे, उंच आहे, हसतो चांगला, मंडप दणाणतो. दरवाजा वेळेवर उघडतो. लोकांना आवडतो. मलाही त्याच्याबरोबर काही त्रास नाही. फक्त त्याला हसताना आता मी पूर्वीसारखा सभ्य राजा झालोय, आणि त्याला ते चालतं.

म्हातारी थंडीत गेली, झोपेतच. आम्ही सगळे डोंबिवलीला गेलेलो. मुलगी, जावई, शेजारच्या काकू. तो रडला वगैरे नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला सतरंजी देत होता. आमच्या राणीनेच काय ते मोठ्याने रडून घेतलं.

आता तो इथे नाही. नोकरीची थोडी वर्षं उरली होती ती त्याने सोडून दिली, खोल्या भाड्याने दिल्या आणि मुलीकडे गेला. फोन केला तर उचलतो, दोन शब्द बोलतो. नाशिकची थंडी बाधते म्हणतो. मंडळाचं काही विचारत नाही.

जायच्या आदल्या दिवशी मात्र दुकानात आलेला. त्याच स्टुलावर बसला. गिऱ्हाईक नव्हतं. मी चहा मागवला. बराच वेळ इकडचंतिकडचं झाल्यावर त्याने सांगितलं, की शेवटच्या दिवसांत म्हातारीने एकच धरलं होतं. ‘प्रधानानु, माझ्या झिलाक सांगावो धाडा. एकदा येवन जा म्हणा.’ सकाळ-दुपार तेच. मग एका रविवारी हा म्हणाला, धाडतो. बाहेर गेला. जिन्यात उभा राहून शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली. आईपाशी बसलेल्या काकूंनी दार उघडलं. हा मान न झुकवता आत गेला.

“आये, मी इलंय.”

तिने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, ‘वायच भायर थांब हां. प्रधान कामाक गेलेत, येतले. तेंका इचारून आत ये.’

“मग रे?” मी विचारलं.

“मग काय. बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. थोड्या वेळाने प्रधान होऊन आत गेलो. म्हटलं, आई, तुमचा मुलगा आलाय. दारात उभा आहे. आत घेऊ?”

“काय म्हणाली?”

चहाचा पेला त्याने दोन्ही हातांत धरला होता. नखं त्या दिवशी स्वच्छ होती, कुठलाच रंग नव्हता.

“म्हणाली, ‘इचारताय कित्याक? तेका आधी जेवाक वाढा. दमलो असतलो.’” त्याने पेला खाली ठेवला. “मग मी एक ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसून जेवलो. पोटभर. ती मध्ये मध्ये सांगत होती, अजून भात घाला त्याला.”

मग तो उठला, चष्म्याच्या फ्रेमांकडे एकदा उगीच बघितलं आणि उन्हात बाहेर गेला.